ऐकणाऱ्याचा वाटा

आम्ही मढला राहतो. वर्सोव्याला नेणारी फेरीबोट, मालाडची २७१ नंबरची बस, बांबूंवर वाळणारे बोंबील आणि शूटिंगसाठी भाड्याने जाणारे बंगले, ही आमच्या गावाची ओळख. फेब्रुवारी २०२१ मध्ये अशाच एका बंगल्यावर पोलिसांनी अश्लील चित्रीकरणाच्या संशयावरून धाड टाकली. जुलैत त्या प्रकरणात उद्योजक राज कुंद्रा यांना अटक झाली आणि मोबाईलवर बातम्यांचा पूर लोटला.

मालवणीहून मामूंचा फोन आला. "तुम्ही तिथेच राहता, खरं काय ते सांगा." आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. तरी आम्ही बोलून गेलो, "रात्री-बेरात्री गाड्या येतात, सगळं दिसतं की!" रात्री तीच गोष्ट खानदानाच्या ग्रुपवर आली : 'मढच्या मास्तरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.'

अशा बातम्यांचा दर्जा आणि पक्षपात यांबद्दल आपण सारेच नाराजीने बोलतो. मथळ्यात प्रश्नचिन्ह, आत 'सूत्रांच्या माहितीनुसार', आणि शेवटपर्यंत वाचले तरी हाती काही नाही. कारण साधे आहे. जितक्यांनी उघडले तितकी जाहिरात, आणि जाहिरातीवरच कमाई. म्हणजे या दुकानाचे गिऱ्हाईक आपणच.

आपल्यावर वेळ आली तेव्हा आपली नजर फार तीक्ष्ण होती. मार्च २०२० नंतर तबलीगी जमातीच्या निमित्ताने एका अख्ख्या समाजाला रोग पसरवणारा ठरवले गेले. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणारे लोक निघाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर कडक शब्दांत बोट ठेवले. आपल्याला हायसे वाटले. "पुरावा कुठे होता?" असे आपण छातीठोकपणे विचारले.

मग वर्षभरात आम्ही हाच प्रश्न कुंद्रांच्या पत्नीबद्दल, अभिनेत्री शिल्पा शेट्टी यांच्याबद्दल का विचारला नाही? अटक पतीला झाली होती. चर्चा मात्र तिच्या अश्रूंची आणि संसाराची चालली होती. तिने उच्च न्यायालयात दाद मागितली. पोलिसांच्या माहितीवर आधारलेल्या बातम्यांना सरसकट बंदी घालायला न्यायालयाने नकार दिला, आणि ते योग्यच होते. पण वार्तांकनाचे स्वातंत्र्य आणि माणसाचा खासगीपणा यांचा तोल राखावा लागेल, हेही बजावले.

कोणी म्हणेल, बातमी खरी असेल तर दोष काय? वर्गात आम्ही मुलांना शिकवतो : पाठीमागे बोललेले खोटे असेल तर ते बोहतान, आणि खरे असेल तर ती गीबत. म्हणजे 'खरे आहे' एवढ्याने सुटका होत नाही. अन्याय उघड करणारे खरे बोललेच पाहिजे. ते दडपणे हाही गुन्हा. पण कोणाचे भले होते म्हणून बोलतो आणि चव लागते म्हणून बोलतो, यातला फरक बोलणाऱ्याला आतून कळतो. आलेल्या खबरीची तहकीक करा, ही सूरह हुजुरातची ताकीदही ऐकणाऱ्यालाच आहे. आपण मात्र आपल्याविषयीच्या बातमीला पुरावा मागतो आणि दुसऱ्याच्या बातमीला मीठमसाला.

परिपाठाला मुले बातम्या वाचतात, तेव्हा आम्ही हल्ली एक प्रश्न विचारतो : "ही बातमी तुझ्या अब्बांबद्दल असती, तर तू काय विचारलं असतंस?" मुले पटापट विचारतात : कोणी पाहिलं? कधी? तुम्हाला कोणी सांगितलं?

"आम्ही काहीही पाहिले नव्हते," हे मामूंना सांगायला आम्हाला आठ दिवस लागले. मामूंनी ते ग्रुपवर टाकलेही. ते मात्र कोणी पुढे पाठवले नाही.