उसना कोयता

आमच्या सासूबाई कुणालाही कोयता उसना देत नसत. साखर द्यायच्या, डाळ द्यायच्या, अडल्यानडल्याला पैसेही द्यायच्या आणि ते परत मागायच्या नाहीत. पण कोयता, कुऱ्हाड, विळी यांतलं काही मागायला कुणी दारात आलं, की म्हणायच्या, "ते नको मागूस बाई. काय तोडायचंय ते सांग, आमचा गडी पाठवते." आम्ही सांगलीकडून सिल्वासाला नव्यानं आलो तेव्हा मागच्या पाड्यातली एक वारली बाई बांबू तोडायला कोयता मागायला आली होती. तिलाही हेच उत्तर. गडी गेला, बांबू तोडून आला. मी तेव्हा नवी सून, मला हसू आवरेना. म्हटलं, "आई, बांबू तर तुटलाच. मग पाप कुठं चुकलं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आपला गडी काय तोडतो ते मला दिसतं. कोयता एकदा उंबऱ्याबाहेर गेला की तो काय तोडतो ते दिसत नाही."

त्यांच्या या हट्टाला शास्त्रात नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक हिंसादान. म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. तलवार, कुऱ्हाड, विष, अग्नी, बेड्या. आमच्या गल्लीतल्या श्वेतांबर बेन संध्याकाळी प्रतिक्रमण करतात. त्यातही शस्त्र, अग्नी, मुसळ, यंत्र दुसऱ्याला दिलं असेल किंवा द्यायला लावलं असेल, तर त्याबद्दल पश्चात्ताप सांगितलेला आहे. मुसळसुद्धा! मैत्रिणींनो, विचार करा, ज्यांनी हे लिहिलं त्यांनी स्वयंपाकघरापासून रणांगणापर्यंत एकच नियम लावला.

गेल्या वर्षी आमच्या शनिवारच्या स्वाध्यायात याच पाठावर वाचन चाललं होतं. एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं विचारलं, "काकू, मग सरकार शेजारच्या देशांना जहाजं आणि विमानं देतं, ड्रग्जवाल्यांना पकडण्यासाठी, ते काय? ते हिंसादान की नाही?"

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग आमच्यातल्या एक ताई, ज्यांचा भाचा एमडीच्या नादात गेली तीन वर्षं आज घरी तर उद्या व्यसनमुक्ती केंद्रात असा फिरतोय, त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "ज्याच्या घरात हे विष शिरलं नाही, त्यानं अहिंसेच्या गप्पा मारू नयेत. तोफा द्या म्हणावं, तोफा!"

त्या दिवशीचा स्वाध्याय तिथंच थांबला. माझ्या डोक्यातला मात्र थांबला नाही.

आधी गोष्टी काय आहेत ते पाहू. आपण मालदीवला २००६ साली 'तिलांचांग' ही नौदलाची गस्ती नौका दिली. तिथं तिचं नाव 'हुरावी' झालं. २०२३च्या मे महिन्यात जुनीच्या जागी नवी 'हुरावी' दिली. श्रीलंकेला १५ ऑगस्ट २०२२ रोजी समुद्रावर टेहळणी करणारं डॉर्नियर विमान दिलं. यामागचा विचार सरळ आहे. हिंदी महासागर एवढा मोठा, की एकट्या देशानं त्यावर डोळा ठेवणं अशक्य. आणि विष तर याच वाटेनं येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ आपल्या तटरक्षक दलानं म्यानमारची एक मासेमारी बोट अडवली, तिच्यात सुमारे ६,००० किलो मेथ होतं. त्याच महिन्यात श्रीलंकेच्या नौदलानं खबर दिली आणि आपल्या नौदलानं अरबी समुद्रात दोन श्रीलंकन बोटींवरून सुमारे ५०० किलो मेथ धरलं. बोटी, माणसं, माल सगळं श्रीलंकेच्या हवाली केलं. हे सगळं विष घराघरात पोचलं असतं तर किती भाचे गेले असते, हा त्या ताईंचा प्रश्न खोटा नाही.

आणि आपलं शास्त्रही गृहस्थाला हात बांधून बसायला सांगत नाही. हिंसेचे चार प्रकार लहानपणी पाठशाळेत आपण पाठ केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायचीच. पण घरावर, गावावर, दुबळ्यावर कुणी चालून आलं तर त्याला रोखताना होते ती विरोधी, ती गृहस्थाला सुटलेली नाही. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय गंगांचा सेनापती होता. उल्लाळची राणी अब्बक्का जैन होती आणि सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांशी लढली. आज तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला तिचं नाव आहे. आपण सिल्वासाच्या बायकांनी तर हे विसरूच नये. २ ऑगस्ट १९५४ ला हे गाव पोर्तुगीजांपासून सुटलं, ते शस्त्रं घेऊन आलेल्या स्वयंसेवकांमुळे. सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर यांच्यासारखी माणसं त्यात होती. या कामाला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्याच्या हिराबागेत कार्यक्रम केला होता. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला केलेल्या मदतीवर आपण आज मोकळा श्वास घेतोय.

म्हणजे 'शस्त्र दिलं की पाप' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. पण 'चांगल्या कामासाठी दिलं की पुण्य' एवढ्यावरही सुटत नाही.

कारण वस्तू तीच राहते, घेणारा बदलतो. आपण ऑक्टोबर २०२० मध्ये म्यानमारला 'सिंधुवीर' ही पाणबुडी दिली. ती ड्रग्जसाठी नव्हती, पण दिली होती एका शेजाऱ्याला. चार महिनेही झाले नाहीत तोच, १ फेब्रुवारी २०२१ ला तिथं लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पुढं त्याच देशात अफूची शेती एवढी वाढली, की २०२३ मध्ये त्यानं अफगाणिस्तानलाही मागं टाकलं. श्रीलंकेत डिसेंबर २०२३ मध्ये 'युक्तिय' नावाची ड्रग्जविरोधी मोहीम निघाली. हजारो माणसं धरली गेली आणि त्यांच्याशी होणाऱ्या वागणुकीवर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना जाहीरपणे बोलावं लागलं. आपलं विमान त्या गल्ल्यांवरून उडलं असं मी म्हणत नाही. पण ज्या हातात आपण कोयता देतो, तो हात घरात कसा वागतो हे विचारायचं नाही का?

लांबचं उदाहरण मेक्सिकोचं. अमेरिकेनं २००८पासून या शेजाऱ्याला ड्रग्जच्या टोळ्यांशी लढायला हेलिकॉप्टरं दिली, यंत्रं दिली, प्रशिक्षण दिलं. २०२२पर्यंत मेक्सिकोच्या सरकारी नोंदीतल्या बेपत्ता माणसांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आया हातात फावडी घेऊन माळरानावर आपली मुलं शोधत फिरतात. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण, की त्या टोळ्यांचं गिऱ्हाईकही अमेरिकेतच आणि टोळ्यांच्या हातातल्या पुष्कळ बंदुकाही अमेरिकेच्याच दुकानांतून चोरवाटेनं गेलेल्या. पुढच्या दारानं मदत, मागच्या दारानं मरण.

आपल्याच गावाचा इतिहास हेच सांगतो. 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं मराठ्यांच्या आरमाराकडून नुकसान झालं, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९च्या तहानंतर नगर हवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना दिला. महसूल दिला होता, गावं नाहीत. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही १९६०च्या निकालात तसंच म्हटलं. पण घेणाऱ्यानं धनीपण गाजवलं आणि ते सुटायला १९५४ साल उजाडलं. देणारा काय समजून देतो आणि घेणारा काय समजून घेतो, यातलं अंतर कधीकधी पावणेदोनशे वर्षांचं असतं.

आता थोडं घरचं बोलते. ते बोलल्याशिवाय हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. प्लास्टिकचं काम मंदावल्यावर तो रिकामा होता आणि बँकेचा हप्ता काही रिकामा राहत नाही. एक गृहस्थ आले. दुप्पट भाडं, रोख, सहा महिन्यांचं आगाऊ. केमिकलचे पिंप ठेवायचेत म्हणाले, काम रात्रीचं चालेल, करार शक्यतो नको. यजमानांनी कागदपत्रं मागितली. आणतो म्हणाले आणि पुन्हा आलेच नाहीत. महिन्याभरानं कळलं की त्यांना दुसरीकडं गाळा मिळाला. आम्ही म्हटलं, सुटलो बाई! त्या रात्री मी शांत झोपले.

ते गृहस्थ कदाचित रंग बनवत असतील. पण २०२३च्या नोव्हेंबरात वापीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून १२१ किलोहून अधिक द्रव मेफेड्रोन पकडल्याची बातमी वाचली आणि हातातला चहा गार झाला. मेफेड्रोन म्हणजे तेच एमडी, त्या ताईंच्या भाच्याचं. ते बोटीतून येत नाही. आपल्या वसाहतींत, आपल्या पिंपांत, आपल्या गाळ्यांत तयार होतं. २०२४च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ कुरकुंभला सापडलं. २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यातून ठाणे पोलिसांनी कित्येक टन इफेड्रिन पकडलं होतं, ज्यापासून मेथ बनतं. समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांनीही आपल्याला म्हणावं, "तुमच्याकडून आमच्याकडं येतं," तर आपण काय उत्तर देणार?

आपले आचार्य इथं फार बारीक बोलतात. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरानं आणलेला माल घेणं आहेच, पण विरुद्धराज्यातिक्रमही आहे, म्हणजे राज्याचे नियम मोडून केलेला व्यापार. आजच्या भाषेत तस्करी. दारूची गाडी नाक्यावरून गुजरातेत जाताना पाहून आपण 'चालायचंच' म्हणतो ना, ते. आणि श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत विषवाणिज्य येतं. हेमचंद्राचार्यांनी त्यात विषाबरोबर शस्त्रंही घातली आहेत. दोघांचा धंदा एकाच ओळीत! विष विकणारा आणि शस्त्र विकणारा शेजारी शेजारी बसवले, त्यात त्यांची काही दृष्टी असणार.

कृत, कारित, अनुमोदित. केलं, करवलं, करू दिलं. त्या गाळ्याच्या बाबतीत मी केलं नाही, करवलं नाही. पण शंका आल्यावरही कुणाला एक शब्द बोलले नाही. शेजारचा गाळेवाला आमच्या ओळखीचा, त्यालाही नाही. कशाला कटकट, म्हटलं. माझा उंबरा स्वच्छ राहिला एवढ्यावर समाधान मानलं. याला अनुमोदन म्हणायचं नाही तर काय?

म्हणून त्या मुलीला मी आता असं उत्तर देईन. बाळ, शेजाऱ्याच्या घरात साप शिरला तर काठी द्यावी लागते. नाही देणार म्हणणं ही अहिंसा नव्हे, तो कंजूषपणा झाला. पण द्यायची ती सासूबाईंसारखी. शक्य तिथं आपला माणूस बरोबर पाठवावा, जसं त्या दोन बोटींच्या वेळी झालं. खबर त्यांची, हात आपला, न्याय त्यांचा. मारणारं देण्याआधी पाहणारं आणि वाचवणारं द्यावं. मालदीवला दिलेली हेलिकॉप्टरं बहुतेक वेळा बेटांवरचे रुग्ण उचलायला उडाली, त्या देण्याला कोण हिंसादान म्हणेल? आणि दिल्यानंतर वर्षा-वर्षाला हिशेब मागावा, संसदेत मागावा, की आमच्या वस्तूनं काय तोडलं. दान दिल्यावर विसरावं म्हणतात. ते अन्नाचं. कोयत्याचं दान विसरायचं नसतं.

आणि हे सगळं करताना आपल्या मागच्या अंगणात काय शिजतंय, तेही पाहावं. समुद्रावर जहाज पाठवणं सरकारचं काम. रिकाम्या गाळ्याचे कागद बघणं माझं.

त्या ताई परवा भेटल्या. भाचा बरा आहे म्हणाल्या, पण नजर खाली होती. मी त्यांना अहिंसेचं काही सांगितलं नाही. घरी येऊन यजमानांना म्हटलं, "त्या दुसऱ्या गाळ्याच्या मालकाला फोन लावा. एवढंच विचारा, भाडेकरूचे कागद घेतलेत का." ते म्हणाले, "आता? वर्ष होऊन गेलं." मी म्हटलं, "लावा तरी."

त्यांनी लावला.