पेवांचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. काळी खोल जमीन, रब्बीची मालदांडी, आणि पूर्वी धान्य साठवायला जमिनीत खणलेली पेवं. बेदरच्या बादशहाच्या वतीने इथला कारभार दामाजीपंत पाहत. संतचरित्रकार महिपतींनी ‘भक्तविजया’त त्यांची कथा सांगितली आहे.

दुष्काळ पडला. पाऊस नाही, पेरा नाही, माणसं गाव सोडून निघालेली. त्यात पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण दामाजीपंतांच्या दारी आला. पंतांनी पान वाढलं. त्याने भात कालवला आणि तो रडायलाच लागला. घास हातातच राहिला. विचारलं तर म्हणाला, “घरी लेकरं उपाशी आहेत, मी इथे कसा जेवू?”

पंत उठले. सरकारी पेवं उघडायला सांगितली. कुणाची जात विचारली नाही की गाव नाही, जो आला त्याच्या पदरात धान्य पडलं. पंढरपुरापासून लोक आले.

मंगळवेढ्याचा हिशेब ठेवणारा मुजुमदार हे सगळं पाहत होता. त्याने बेदरला पत्र धाडलं : हुजुरांच्या परवानगीशिवाय दामाजीने सरकारी धान्य लुटवलं. या पत्रात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे आपण कथा ऐकताना विसरतो. धान्य बादशहाचंच होतं, परवानगीही घेतलेली नव्हती. पत्रात नव्हता तो फक्त दुष्काळ. दुष्ट माणूस दर वेळी खोटंच बोलतो असं नाही. पुष्कळदा तो खरं तेच लिहितो आणि भुकेचा रकाना कोरा ठेवतो.

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायात सांगितलंय की धान्य दाबून ठेवणाऱ्याला लोकांचे तळतळाट लागतात आणि बाहेर काढणाऱ्याला दुवा मिळतो. मंगळवेढ्याचं यापेक्षा नेमकं वर्णन कोण करील? त्याच पुस्तकाच्या 29 व्या अध्यायाचा शेवट मुजुमदाराला लागू पडतो. भल्याला अन्यायी माणूस खपत नाही, तसाच सरळ वाटेने जाणारा माणूस दुष्टाला खपत नाही. मुजुमदाराच्या घरचं शेरभर धान्यसुद्धा गेलं नव्हतं. पण शेजारचा माणूस पेव उघडतो म्हटल्यावर आपण का उघडलं नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो त्याला सोसला नाही. शिवाय पंतांच्या मामलतीवर डोळा असणारच.

बादशहाचे शिपाई आले. पंतांनी सबब सांगितली नाही, पेवं आपणच उघडली हे नाकारलंही नाही. आधी पंढरपूरला जाऊन दर्शन घेऊ द्या, एवढंच मागितलं.

इकडे बेदरच्या दरबारात एक महार येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. “मी विठू, मंगळवेढ्याचा. पंतांनी धान्याचे पैसे धाडलेत, मोजून घ्या.” पैसे मोजले, भरणा पुरा झाला. विठूने रसीद मागून घेतली आणि गेला. तो पांडुरंग होता, असं वारकरी सांगतात. मला यात आवडतो तो देवाचा चोखपणा. बादशहाचं धान्य होतं म्हणून त्याची किंमत भरली. दुष्टाने कागद पुढे केला, तर देवाने हिशेब चुकता करून वर पावती घेतली. मुजुमदाराला बोट ठेवायला जागा उरली नाही.

दामाजीपंत बेदरला पोचले, तर बादशहाच सामोरा आला. पैसे कुणी भरले ते पंतांना कळलं. आपल्यासाठी विठ्ठलाला दरबारात हात जोडून उभं राहावं लागलं, याने ते व्याकूळ झाले. बादशहा पुन्हा कारभार पाहा म्हणत होता; पंतांनी चाकरी सोडली आणि पंढरीची वाट धरली. मामलतीची जागा अशी आयतीच रिकामी झाली. तिथे पुढे मुजुमदार बसला का, याची चौकशी करावी असं कथा सांगणाऱ्यांपैकी कुणालाच वाटलेलं नाही.