सुट्टी आणि बांधलेले जनावर



आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेली आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहून आलेले आईवडील तिथल्या एका प्रकारच्या सहलीविषयी कौतुकाने सांगतात. ही सहल ‘आर.व्ही.’मधून होते. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि छतावर एसी. हे घर एखाद्या राष्ट्रीय उद्यानाजवळच्या कॅम्पग्राउंडवर नेऊन उभे करायचे, तिथल्या खांबावरून वीज व नळावरून पाणी जोडून घ्यायचे आणि चार-आठ दिवस मुक्काम करायचा. घरातला कुत्राही सोबत असतो. त्याला मागे ठेवून जाणे मुलांच्या जिवावर येते.

खरा प्रश्न उभा राहतो दुसऱ्या दिवशी सकाळी. मंडळी दिवसभरासाठी डोंगर, दऱ्या, धबधबे पाहायला निघतात आणि कुत्र्याला बरोबर नेता येत नाही. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन उद्यानात कुत्र्याला रस्ते, वाहनतळ आणि कॅम्पग्राउंड यांपासून सुमारे ३० मीटरच्या आतच फिरवता येते. पायवाटांवर व गरम झऱ्यांच्या परिसरात त्याला बंदी आहे. झायन उद्यानात दरीत नेणाऱ्या बसमध्ये कुत्र्याला प्रवेश नाही आणि पायी फिरवायला एकच वाट मोकळी आहे. पट्टा सहा फुटांहून लांब चालत नाही. कुत्र्याला झाडाला बांधून निघून जाण्यासही मनाई असते. हे नियम रानातल्या प्राण्यांच्या, माणसांच्या आणि त्या कुत्र्याच्याही रक्षणासाठी आहेत. पण परिणाम असा, की सकाळी नऊ वाजता आर.व्ही.चे दार बंद होते, एसी सुरू राहतो आणि खिडकीच्या काचेमागे एक कुत्रा बसून राहतो.

यात पाप-पुण्याचा प्रश्न येतो कुठे, असे कुणी विचारील. एसी आहे, पाणी आहे, खाणे आहे. आपल्याकडे माणसांनाही एवढे मिळत नाही! हा आक्षेप खोटा नाही. त्याकडे आपण शेवटी येऊ. आधी वस्तुस्थिती पाहू.

बंद दारामागे काय घडते

कॅम्पग्राउंडच्या खांबावरची वीज साधारणपणे ३० किंवा ५० अँपिअरची असते. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसीबरोबर मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटर चालू राहिला, तर खटका पडतो. कधी संपूर्ण कॅम्पग्राउंडचीच वीज जाते. एसी थांबतो. बाहेर ऊन तळपत असते आणि पत्र्याचे ते घर तापू लागते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीवर कॅलिफोर्नियात झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की तासाभरात आतील तापमान सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढते आणि यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आर.व्ही. मोटारीपेक्षा मोठी असते, म्हणून तापायला थोडा अधिक वेळ लागेल. पण दिवसाची सहल काही अर्ध्या तासाची नसते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. आजूबाजूची हवाच तापली, की हा उपाय अपुरा पडतो. त्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१च्या वर गेले, की जिवाला धोका निर्माण होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हा त्रास लवकर होतो. दार उघडणे त्याच्या हातात नसते. त्याला फोन करता येत नाही. तो भुंकतो, आणि शेजारचे लोक त्याच्या भुंकण्याला कंटाळून खिडक्या लावून घेतात.

कर्तव्य कुणाप्रती?

प्राण्यांच्या बाबतीत माणसाचे काही कर्तव्य आहे काय, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने प्राण्यांची तुलना यंत्राशी केली. घड्याळ जसे काटे फिरवते, तसा कुत्रा भुंकतो. ज्याच्या घरी कुत्रा आहे, त्याला हे मत पटणे कठीण!

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची भूमिका अधिक समतोल आहे. प्राण्यांवर दया करणाऱ्या माणसाचे मन माणसांवर दया करण्यास अधिक तयार होते, असे ते सांगतात. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही जवळपास हाच विचार मांडला. जन्मभर इमानाने चाकरी केलेल्या कुत्र्याला म्हातारपणी गोळी घालणारा मालक स्वतःमधल्या माणुसकीला इजा करतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य हे खरे पाहता माणसांविषयीच्या कर्तव्याची तालीम आहे.

या विचारात सत्य आहे, पण ते अपुरे आहे. बंद गाडीत एक कुत्रा तडफडत असेल, तर तेथे वाईट काय घडते आहे? मालकाचे मन कठोर होते, एवढेच? तसे असेल, तर त्या मालकाला ही गोष्ट कधी कळलीच नाही, तर काहीच वाईट घडले नाही, असे म्हणावे लागेल. आपले अंतःकरण हे मान्य करीत नाही. वाईट घडते ते प्रथम त्या जिवाचे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने अधिक स्पष्ट होत गेली आहे. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे, की प्राणी हे देवाची निर्मिती आहेत, केवळ आपल्या अस्तित्वाने ते देवाचा गौरव करतात, आणि म्हणून माणसाने त्यांच्याशी ममतेने वागले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आणखी ठामपणे सांगितले, की प्रत्येक निर्मित वस्तूला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे. माणसाच्या उपयोगी पडणे हेच काही तिचे सारे प्रयोजन नाही.

जो बांधतो, त्याने सोडावे

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात अठरा वर्षे वाकलेल्या एका स्त्रीला बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा येशू त्या लोकांना त्यांच्याच गोठ्याची आठवण करून देतो. शब्बाथ दिवशी तुमच्यापैकी प्रत्येक जण आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतोच ना, असे तो विचारतो.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शब्बाथ हा विश्रांतीचा, सुट्टीचा दिवस. त्या दिवशी नांगर थांबतो, बाजार थांबतो, चूल थांबते. पण गव्हाणीला बांधलेल्या बैलाला पाणी पाजण्याचे काम थांबत नाही. का? कारण तो बांधलेला आहे. मोकळा असता, तर आपल्या पायांनी ओढ्यावर गेला असता. मालकाने त्याला दावे लावले, त्या क्षणी त्याच्या तहानेची जबाबदारी मालकाने स्वतःकडे घेतली. मालकाची सुट्टी ही जबाबदारी रद्द करू शकत नाही.

आपल्या वाडीतला कुत्रा आठवा. घरची माणसे लग्नाला गेली, तरी तो विहिरीजवळच्या गारव्यात पडून राहतो, शेजारणीच्या दारात जाऊन भाकरीचा तुकडा मिळवतो, ऊन वाढले, की केळीच्या बागेत शिरतो. त्याचेही हाल होतात, पण त्याचे पाय त्याच्याच मालकीचे असतात. आर.व्ही.तल्या कुत्र्याला अन्न उत्तम मिळते, पशुवैद्य मिळतो, मऊ अंथरूण मिळते. मात्र त्याचे सगळे मार्ग एका दारातून जातात आणि त्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. एखाद्या जिवाला आपण जितके पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतो, तितके आपले देणे वाढते. म्हणून लाडाच्या कुत्र्याविषयीचे कर्तव्य वाडीतल्या कुत्र्याविषयीच्या कर्तव्यापेक्षा हलके नाही, उलट जड आहे.

संत थॉमस प्रेमाचे दोन प्रकार सांगतात. एका प्रेमात आपण वस्तू आपल्यासाठी इच्छितो, जशी द्राक्षारसाची आवड. दुसऱ्यात आपण समोरच्याचे भले इच्छितो. पशूशी माणसासारखी खरी मैत्री होऊ शकत नाही, असे संत थॉमस मानतात, तरी त्याचे भले आपल्याला इच्छिता येते. तेव्हा सहलीला निघताना स्वतःला एक प्रामाणिक प्रश्न विचारावा: कुत्र्याला मी त्याच्यासाठी नेतो आहे, की त्याच्यावाचून मला करमत नाही म्हणून? रोज आठ तास त्याला कोंडूनच ठेवावे लागणार असेल, तर ओळखीच्या माणसाकडे त्याला घरीच ठेवणे हे अधिक प्रेमाचे कृत्य ठरेल.

इशारा फोनवर येतो, पाय मात्र आपलेच लागतात

आजकाल यासाठी एक छोटे यंत्र मिळते. आर.व्ही.तले तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले किंवा वीज गेली, की ते मालकाच्या मोबाईलवर संदेश पाठवते. वस्तू चांगली आहे. जरूर वापरावी. पण यलोस्टोनसारख्या उद्यानांत पुष्कळ ठिकाणी मोबाईलला सिग्नल मिळत नाही. आणि सिग्नल मिळाला, तरी मालक तीन तासांच्या पायवाटेवर असेल, तर त्या संदेशाचे तो काय करणार? यंत्र इशारा देते, दार उघडत नाही.

विवेक या सद्‌गुणाचा एक महत्त्वाचा भाग दूरदृष्टी होय, असे संत थॉमस म्हणतात. पुढे काय होऊ शकेल, हे आधी पाहून आजची कृती ठरवणे. येथे दूरदृष्टी म्हणजे अगदी साध्या गोष्टी. वीज गेल्यास किती वेळात परत येऊ शकू, तेवढ्याच अंतरावर जाणे. फार उष्म्याच्या दिवशी कुत्र्याला एकटे न ठेवणे. घरातील मोठ्यांनी पाळी लावणे: आज एकाने डोंगर पाहावा, उद्या दुसऱ्याने. कॅम्पग्राउंडचे नियम आधी विचारणे, कारण कित्येक ठिकाणी कुत्र्याला एकटे ठेवण्याचीच परवानगी नसते. शेजारच्या मुक्कामकऱ्याशी ओळख करून घेणे, दारावर आपला मोबाईल क्रमांक लिहून ठेवणे. जवळपास प्राण्यांसाठी सशुल्क निवारा असल्यास तिथे आगाऊ जागा घेणे. आणि घरी असतानाच कुत्र्याला थोडा थोडा वेळ एकटे राहण्याची सवय लावणे, म्हणजे त्याच्या आक्रोशाने शेजाऱ्यांची सुट्टीही वाया जाणार नाही. तो शेजारीही आपल्या कर्तव्याच्या कक्षेत येतोच.

मर्यादा

आता त्या आक्षेपाकडे येऊ. १९८१ साली यलोस्टोनमध्ये एक कुत्रा गाडीतून निसटला आणि उकळत्या झऱ्यात पडला. त्याला वाचवण्यासाठी मालकाच्या चोवीस वर्षांच्या मित्राने झऱ्यात उडी घेतली. कुत्रा वाचला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो तरुणही मरण पावला. त्याच्या धावून जाण्याला आपण नावे ठेवू नये. पण कुणीही विचारल्यास उत्तर स्पष्ट द्यावे लागेल: कुत्र्याच्या जिवासाठी माणसाचा जीव देणे योग्य नाही. गाडीचे दार नीट लावणे, गळ्यात पट्टा ठेवणे ही लहान कर्तव्ये वेळेवर पार पडली, तर एवढ्या मोठ्या त्यागाची वेळच येत नाही.

धर्मशिक्षण ग्रंथ दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात सांगतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचप्रमाणे माणसांचे दुःख दूर करण्यासाठी द्यायचा पैसा त्यांच्यावर उधळणे, आणि माणसाला द्यायचे प्रेम त्यांना देणे, हेही शोभत नाही. या सहलीत हा प्रश्न कधी कधी अगदी जवळ येऊन बसतो. भारतातून गेलेल्या आजीला गुडघ्यांमुळे चढण जमत नाही. मग सोपा उपाय निघतो: आजी आर.व्ही.त राहील, कुत्र्याजवळ. तिने आनंदाने होकार दिला असेल, तर उत्तमच. पण तिला कुणी विचारले होते काय? संध्याकाळी परत आल्यावर आधी कुणाची विचारपूस झाली? तिलाही तो डोंगर पायथ्यावरून का होईना, पाहायचा असेल.

येशूच्या त्या युक्तिवादाचा क्रम हाच आहे. बैलाला सोडून पाण्यावर नेता, हे तो चूक म्हणत नाही. ती दया तो गृहीत धरतो आणि तिच्यावर पाय ठेवून वरची पायरी दाखवतो: मग अठरा वर्षे बांधलेल्या या अब्राहामाच्या कन्येला सोडायला नको काय? पशूवरची दया आणि माणसावरची दया यांत त्याला भांडण दिसत नाही. ज्याला पहिली कळते, त्याला दुसरी कळायला हवी, एवढीच त्याची अपेक्षा.

तोबित या पुस्तकात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही निघतो, आणि परतीच्या वाटेवरही तो मागोमाग असतो. तो कुत्रा त्या कथेत काहीच पराक्रम करीत नाही. तरीही पवित्र शास्त्राने त्याची दोनदा नोंद ठेवली. वाटेवर आपल्यासोबत कोण आहे, हे देवाच्या नजरेतून सुटत नाही.

आपली मुले परदेशी सहलीला निघताना फोन करतील, तेव्हा हवापाण्याची चौकशी करताना हेही विचारा: दिवसभर कुत्र्याजवळ कोण थांबणार आहे? आणि थांबणाऱ्याला त्याचा डोंगर कधी दाखवणार आहात?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू