घरचे वासे मोजताना

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, ही शिकवण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. ज्या घराने अन्न दिले त्याची उणीदुणी काढणे ही कृतघ्नता, असा तिचा आशय. तो मान्य केला तरी एक प्रश्न उरतो. जुने कौलारू घर गळू लागले की त्याचे वासे कोणीतरी मोजावेच लागतात. मग मोजणारा प्रत्येक जण कृतघ्न म्हणावा काय?

सुतार वासे कसे मोजतो, ते पाहावे. घराच्या रुंदीचा निम्मा भाग १२ फूट आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची ९ फूट असेल, तर वाशाची तिरपी लांबी १५ फूट भरते. कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेला आहे. वळचणीसाठी लागणारी लांबी त्यात वेगळी मिळवावी लागते. पहिला वासा जागेवर लावून पारखला, की तोच बाकीच्यांचा नमुना होतो. येथे एक पथ्य आहे. प्रत्येक वासा त्या नमुन्यावरूनच आखायचा. नुकत्याच कापलेल्या वाशावरून आखायचा नाही. नकलेवरून नक्कल करताना दर वेळी एक सूत, म्हणजे १/८ इंच वाढले, तर पंचविसाव्या वाशात २४ सुतांचा, म्हणजे ३ इंचांचा फरक पडतो. शेजारच्या दोन वाशांत तो डोळ्यांना जाणवतही नाही. मात्र रिपा सरळ बसत नाहीत, कौलांचे सांधे उघडे राहतात आणि पाऊस घरात येतो.

नमुन्यावरील निष्ठाही सर्वत्र पुरत नाही. जुन्या घराची भिंत एखाद्या कोपऱ्यात खचलेली असते. तेथे जाणता सुतार जागेचे माप पुन्हा घेतो आणि मगच करवत उचलतो, कारण आखलेली रेघ पुसता येते, कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही.

अठराव्या शतकात ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे मराठी घराणी स्थिरावली. त्यांच्या वंशजांनी आपल्या रीती बहुधा मागच्या पिढीकडे पाहूनच उचलल्या. पाहुण्याला आधी वाढावे, हा नमुना उत्तमच. घरातील स्त्रियांनी रोज सर्वांमागून उरलेसुरले खावे, ही त्याची कितवी नक्कल? हा प्रश्न विचारणारी सून घराचा उपमर्द करीत नाही. फरक कोठे पडला, तेवढेच ती मोजते.

दोष मोजून इतरांना सांगत फिरणारा आणि दोष मोजून वासा बदलणारा, यांतील भेद उघड आहे. परंतु प्रत्येकाच्या हाती करवत असतेच असे नाही. ज्याच्या अंथरुणावर पाणी ठिबकते, त्याने गळती दाखवली तर तेवढेही पुरेसे मानावे. दुरुस्तीचे सामर्थ्य असलेल्यांनी त्याचे ऐकून शिडी लावणे, हे त्या घराचे ऋण मानण्यासारखेच आहे.