मुलांच्या नावावरचा खर्च

कारखान्याचा दिवाळीचा हप्ता खात्यात पडला आणि दुसऱ्याच दिवशी नारायणगावात नव्या गाड्यांना झेंडूच्या माळा चढल्या. पुढच्या काचेवर मुलांची नावं, मागे डीजे. डीजेबद्दल दर वर्षी लिहितो, याही वर्षी लिहितो: बंद करा तो. पण या वेळी जास्त खटकलं ते एकाच सुरातलं उत्तर. ‘एवढा खर्च कशाला?’ असं ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘मुलांसाठीच तर घेतलं.’

‘वर्षातून एकदाच येतो पैसा’ किंवा ‘भावकी काय म्हणेल’ ही कारणं मी सोडून देतो. त्यात निदान खरेपणा आहे. ‘मुलांसाठीच’ यात तो नाही. सात-आठ वर्षांच्या पोराने गाडी मागितली होती का? त्याने मागितला होता बापाचा रविवार. चौथीतल्या मुलीसाठी सोन्याचा हार घेतला म्हणतात. तो आईच्या गळ्यात दिसतो आणि मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरायला गहाण पडतो. गुंठाभर जमीन मुलासाठी, बंगल्यावरचा तिसरा मजला मुलासाठी, त्या मजल्याचा कर्जाचा हप्ताही बहुधा मुलासाठीच! आणि जूनमध्ये तोच मुलगा वह्या मागतो तेव्हा ‘आत्ता हात आखडला आहे’ हे उत्तर मिळतं.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. शेती उसाची, त्यामुळे वर्षाचा मोठा पैसा एकदमच हातात येतो. त्यांच्याकडून मला वेगळी अपेक्षा होती. पण तिथेही दिवाळीच्या आठवड्यात खोक्यांचा ढीग लागला: रोबोटचे संच, मोठा टॅब, वर्षभराची वर्गणी एकरकमी भरलेली ॲप. शाळेची फी वाचली म्हणून हे परवडतं, असं त्यांचं म्हणणं. अहो, फी वाचली तर ती बाराही महिने वाचली. एका आठवड्यात खर्चायला नव्हे. मुलगी चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला बसणार. तिथल्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात; त्यांचे अर्ज आणि शुल्क कारखान्याच्या सोयीने येत नाहीत. ती रक्कम आधी बाजूला निघायला हवी, मग रोबोट.

मला सर्वांत जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या घरात शिक्षण घरीच चालतं, त्या घरात उसाचं बिल कपाटात बंद असतं. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलमागे 3.46 रुपये वाढतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा, सोसायटीची कपात वजा. टक्केवारी, दशांश, वजाबाकी, सगळं एका कागदावर आणि तेही स्वतःच्या रानाचं. हा कागद मुलीसमोर ठेवायचा सोडून गणिताचं ॲप विकत घ्यायचं? आपल्याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे दगडात कोरून ठेवलेत. राजघराण्याला आपला खर्च चव्हाट्यावर मांडायला लाज वाटली नाही. आपल्याला पोटच्या पोरांपुढे हिशेबाची वही उघडायला वाटते. आणि वही म्हणजे कागदाची, मोबाइलमधली नव्हे. हा आग्रह मी सोडणार नाही.

पैसा थोडा असला की मुलांपुढे हिशेब मांडणं आपोआप जमतं. डोंगरात आहुप्याच्या, हातवीजच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, विकून जे येतं, त्यात पावसाळ्याचा किराणा आणि आश्रमशाळेत जाणाऱ्या पोराची पत्र्याची पेटी आधी ठरलेली असते. त्या पोरांना कोणत्या झाडाने किती दिलं तेही ठाऊक असतं, कारण हिरडा गोळा करायला ती बरोबर असतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ती झाडं मोडली, तेव्हा घरात पुढे काय कमी होणार हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

बागायती पट्ट्यात मात्र जुलै 2023 विसरला जातो. टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, गावोगावी बेत झाले आणि सप्टेंबरात भाव पडले. त्या जुलैत घेतलेली कर्जं काही पडली नाहीत.

त्या जोडप्याला मी सांगितलं, उसाच्या रकमेचे बारा भाग मुलीकडूनच पाडून घ्या, परीक्षेचा भाग वेगळा ठेवा, तिच्या धाकट्या भावाला फेब्रुवारीत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं विज्ञान प्रदर्शन दाखवा. ते हसले. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. बघा. ज्याला शर्यतीचा बैलगाडा पळवायचा त्याने पळवावा, सर्वोच्च न्यायालयानेही मे 2023 मध्ये वाट मोकळी केली आहे. खर्च हौसेचा असेल तर वहीत ‘हौस’ म्हणून लिहा, मुलांच्या शिक्षणाच्या पानावर नको.