'का?' विचारायला मनाई

१९७३ साली लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायालयात डॅनियल एल्सबर्ग साक्षीला उभे राहिले. व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकी सरकार जनतेशी वर्षानुवर्षं खोटं बोलत आलं, हे दाखवणारे सुमारे सात हजार पानांचे गोपनीय कागद त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले होते. सगळे आरोप सिद्ध झाले असते तर ११५ वर्षांची शिक्षा समोर होती. वकिलांनी त्यांना साधा प्रश्न विचारला : या कागदांच्या प्रती तुम्ही का काढल्या? सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती उचलून धरली. प्रश्न गैरलागू ठरला. आरोपीने जे केलं ते का केलं, हे ज्युरीला सांगू दिलं जात नाही असा खटला मी कधी ऐकलेला नाही, असं बचावाचे वकील वैतागून म्हणाले. मग आता ऐका, असं न्यायाधीशांचं उत्तर होतं. ही हकीकत पुढे एल्सबर्ग यांनीच लिहिली आहे.

तो खटला निकालापर्यंत गेलाच नाही. एल्सबर्ग यांच्याविरुद्ध काही सापडतं का हे पाहायला व्हाइट हाउसच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला होता. ते उघड झालं आणि आरोप रद्द झाले. 'का?' मात्र तसाच अनुत्तरित राहिला. सरकारची गुपितं फोडणारा वीर की गुन्हेगार, हा वाद दर काही वर्षांनी पेटतो, आणि दर वेळी नेमका हाच प्रश्न बाजूला सारला जातो. माझ्या मते सगळा निवाडा त्या एका प्रश्नात आहे.

आपल्या भाषेला हे आधीपासून कळलेलं आहे. मराठीत अशा माणसासाठी दोन शब्द आहेत. एक फितूर. मध्यरात्री गडाचा दिंडी दरवाजा आतून उघडून शत्रूला वाट देणारा. दुसरा जागल्या. गाव झोपलेलं असताना गस्त घालणारा, धोका दिसला की हाळी देऊन लोकांना उठवणारा. दोघेही रात्री वावरतात, दोघांनाही आतल्या वाटा ठाऊक असतात. फरक एवढाच की फितूर गुपित शत्रूच्या कानात सांगतो आणि जागल्या ते गावालाच सांगतो. अमेरिकेचा १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा हा फरक जवळजवळ मानत नाही. गुपित परक्या देशाला पैसे घेऊन विकणारा आणि ते वार्ताहराला फुकट देणारा, दोघांवर त्याच कायद्याखाली खटला भरता येतो.

आता एडवर्ड स्नोडेनची गोष्ट या कसोटीवर घासून पाहू. हवाईमध्ये राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी (एनएसए) कंत्राटी काम करणारा हा २९ वर्षांचा तंत्रज्ञ २०१३ च्या मे महिन्यात हाँगकाँगला गेला आणि त्याने पत्रकारांना कागद दिले. ५ जूनला 'द गार्डियन'मध्ये पहिली बातमी आली. व्हेरायझन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या फोन कॉल्सच्या नोंदी रोजच्या रोज सरकारकडे सोपवाव्यात, असा गुप्त न्यायालयाचा आदेश त्यात होता. संभाषण नव्हतं, पण कोणी कोणाला, कधी आणि किती वेळ फोन केला हे सगळं होतं. एखाद्या बाईने पहाटे दोनला आत्महत्या रोखणाऱ्या मदतकेंद्राला फोन केला, तर ती काय बोलली हे ऐकायची गरजच उरत नाही. आणि संशयित एखादा नव्हता. कोट्यवधी निर्दोष माणसांची नोंद होत होती.

याच्या तीनच महिने आधी, १२ मार्चला, सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारलं होतं, की एनएसए लाखो-कोट्यवधी अमेरिकनांची कुठलीही माहिती गोळा करते का? नाही, जाणूनबुजून नाही, असं क्लॅपर यांनी संसदीय समितीसमोर सांगितलं. उत्तर चुकीचं होतं हे जूनमध्ये जगाला कळलं. त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला नाही. खरं सांगणाऱ्यावर मात्र जून संपायच्या आत तीन आरोप ठेवले गेले, त्यातले दोन १९१७ च्या कायद्याखालचे.

वरिष्ठांकडे तक्रार का केली नाही, न्यायालयात का गेला नाही, असं विचारलं जातं. हे दोन्ही मार्ग लोकांनी चोखाळले होते. एनएसएमधले थॉमस ड्रेक यांनी आधी आतल्या आत, रीतसर वाटांनी हरकती नोंदवल्या, मग एका वार्ताहराशी संपर्क साधला. २०१० मध्ये त्यांच्यावर दहा गंभीर आरोप ठेवले गेले. पुढच्या वर्षी खटला कोसळला आणि एक किरकोळ गुन्हा उरला, पण तोवर त्यांची नोकरी गेली होती. न्यायालयाची वाट त्याहून विलक्षण होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये, परदेशी संवादांवर पाळत ठेवण्याच्या दुसऱ्या एका कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळलं. कारण, आपल्यावर खरोखरच पाळत आहे हे अर्जदारांना दाखवता आलं नाही. दाद मागायची तर पुरावा हवा आणि पुरावा तर सरकारच्या तिजोरीत. व्हेरायझनचा आदेश बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच एका संस्थेला सांगता आलं, की आम्ही या कंपनीचे ग्राहक आहोत. त्या दाव्यात २०१५ च्या मे महिन्यात अपील न्यायालयाने ठरवलं, की अशा सरसकट नोंदी गोळा करायला कायद्याने परवानगीच दिलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा बदलला.

गुपितं फोडल्यामुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली, या आक्षेपालाही उत्तर द्यायला हवं. नागरी स्वातंत्र्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने जानेवारी २०१४ च्या अहवालात लिहिलं, की फोन नोंदींच्या या कार्यक्रमामुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असं एकही उदाहरण आपल्याला आढळलं नाही. म्हणजे इथे कुंपणच शेत खात होतं, आणि राखणही होत नव्हती.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीच्या मते स्नोडेनने सुमारे १५ लाख दस्तऐवज उचलले आणि त्यातल्या बहुतेकांचा नागरिकांच्या खासगीपणाशी संबंध नव्हता. त्यातून छापून आलेल्या काही बातम्या परदेशांवरच्या हेरगिरीच्या होत्या. प्रत्येक देश ती करतो, आणि तिथे गुप्तता रास्त असू शकते. त्या भागापुरता त्याने जाब द्यायला हवा असं मला वाटतं. जागल्याने हाळी देताना सगळ्या घरांच्या किल्ल्या चव्हाट्यावर टाकायच्या नसतात.

मराठी वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. ज्याला आपण वीर म्हणतो तो पळून जात नाही. कायदा मोडतो आणि शिक्षाही पत्करतो. स्नोडेन मॉस्कोला गेला, विमानतळावर अडकला, त्याला आश्रय मिळाला आणि २०२२ मध्ये रशियाचं नागरिकत्वही. टिळक कुठे पळाले होते?

टिळकांचाच खटला आठवू या. जुलै १९०८, मुंबई उच्च न्यायालय, 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. ज्युरीपुढे ते अनेक दिवस मिळून २१ तासांहून अधिक बोलले. आपण काय लिहिलं, कोणत्या हेतूने लिहिलं, हे त्यांना मांडता आलं. निकाल अन्यायाचा होता, सात विरुद्ध दोन मतांनी दोषी आणि सहा वर्षं मंडाले. परक्या सत्तेच्या त्या न्यायालयात 'का?' या प्रश्नाला निदान जागा होती. स्नोडेनने वारंवार म्हटलं आहे, की आपल्या हेतूचा विचार ज्युरीला करता येणार असेल तर परत येऊन खटल्याला सामोरा जाईन. ती हमी त्याला मिळाली नाही. खुद्द एल्सबर्ग यांनी २०१३ मध्येच लिहिलं, की स्नोडेनने देश सोडला ते योग्यच केलं. शिक्षा भोगायला धैर्य लागतं, हे मान्य. पण तोंड बांधून दिलेली शिक्षा भोगणं हा सत्याग्रह होत नाही.

हे प्रकरण भारतालाही शिवून गेलं. फुटलेल्या कागदांत मार्च २०१३ या एका महिन्यात जगभरातून गोळा केलेल्या माहितीचा नकाशा होता. त्यात भारत पाचव्या क्रमांकावर होता, ६३० कोटी नोंदींसह. स्नोडेनने ज्या देशांकडे आश्रय मागितला त्यांत आपण होतो आणि आपण नकार दिला. पण हानी आणि लोकहित तोलण्याचा काटा आपल्याच कायद्यात आहे, हे आपण विसरू नये. इंग्रजांनी दिलेला १९२३ चा गोपनीयता कायदा अजून जिवंत आहे. तरीही २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) सांगतं, की जपायच्या हितसंबंधांना पोहोचणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, १९२३ चा कायदा असला तरीही. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात फुटलेले कागद विचारात घेऊच नयेत, असा सरकारचा आग्रह होता. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि त्या निकालात एल्सबर्ग यांच्या कागदांवरच्या १९७१ च्या अमेरिकी निवाड्याचाही आधार घेतला.

हा काटा अमेरिकी फौजदारी न्यायालयातही हवा. फोडलेलं गुपित कोणाविरुद्ध होतं, शत्रूविरुद्ध की स्वतःच्याच नागरिकांविरुद्ध? ते कोणाला सांगितलं? सांगण्याआधी दुसरी कोणती वाट खुली होती? गरजेपेक्षा जास्त फोडलं का? या प्रश्नांची उत्तरं ऐकून ज्युरी स्नोडेनला काही बाबतींत दोषीही ठरवेल. मला ते मान्य असेल. फोन नोंदींपुरता मात्र तो मला जागल्याच वाटतो, आणि हे म्हणताना मी कचरत नाही.

जागल्याची हाळी कधी अवेळी असते, कधी कर्कश, कधी अनाठायीही. पण जाग्या झालेल्या गावाने त्याला चावडीवर उभं केलं, तर सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायला हवी, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायला हवं : का ओरडलास?