कशावरून?

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात केबिन रोडवरच्या आमच्या इमारतीत एका वहिनींचे पाकीट गेले आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोरावर आळ आला. जिन्यात पाचसहा माणसे जमली. मी कोर्टात कारकुनी केलेला माणूस; सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ करून विचारले, "कशावरून म्हणता, वहिनी? पुरावा काय?"

कुणाला उत्तर देता येईना. मंडळी पांगली आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा घेतला. पोरगा मात्र दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

जन्मभर मी कैफियती वाचल्या. 'दाव्यातील मजकूर खोटा असून प्रतिवादीस कबूल नाही' हे वाक्य मी झोपेतही म्हणेन. पण 'खोटा' म्हणणारा एक गोष्ट ठामपणे सांगतो. 'कबूल नाही' म्हणणारा 'तुम्हीच दाखवा' एवढेच म्हणतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तर तीन खण केले होते : शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेले. २०२४ च्या जुलैत तो कायदा जाऊन नवा आला; खण तेच राहिले. इंग्रजीतही 'डिनाय' म्हणजे नुसते नाकारणे आणि 'रिफ्यूट' म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणे; पण हल्ली तिकडेही सरमिसळ चालते. आपली वर्तमानपत्रे तरी काय करतात? पुढाऱ्याने नुसते 'नाही' म्हटले की छापतात, 'आरोपाचे खंडन केले'. खंडन कसले? इन्कार तो!

मीही त्या तिसऱ्या खणात उभा राहिलो होतो. 'खोटे आहे' असे म्हणणे मला शक्य नव्हते, कारण मी काही पाहिले नव्हते. पण बिलात चुकून जास्त गेलेले पैसे याच पोराने एकदा परत आणून दिले होते, हे मला ठाऊक होते. "माझा यावर विश्वास नाही" असे मी म्हणू शकलो असतो. त्यात माझी पत अडकली असती. 'कशावरून?' विचारायला काही खर्च येत नाही.

"आणि त्या पोराला काय ऐकू आले असेल?" आमच्या हिने करंज्या तळता तळता विचारले. "काकांनासुद्धा खात्री नाही, असेच ना?"

१९०८ च्या दिवाणी संहितेत एक नियम आहे : समोरच्याचे जे म्हणणे स्पष्टपणे नाकारले नाही, ते मान्य केले असे धरतात. मोघम नकार चालत नाही. मी हा नियम नव्या कारकुनांना शिकवीत असे.

पाकीट अजून सापडलेले नाही. ते सापडेपर्यंत थांबणे मला बरे वाटत नाही. उद्या पेपरच्या एजंटाकडे जाऊन पोराचा पत्ता विचारणार आहे.